मागे डिस्क ब्रेक टाकून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला शिका



"दादा, मागे ड्रम आहेत, डिस्क टाकून द्या. खर्चाचं टेन्शन नाही." असं म्हणणारं गिऱ्हाईक तुमच्याही गॅरेजला येत असणार. पैसे द्यायला तयार, घासाघीस नाही. आपला हात लगेच जॉब कार्डकडे जातो. या आठवड्याच्या व्हिडिओत मी म्हणालो तेच इथे सविस्तर सांगतो: रोजच्या वापराच्या गाडीचं हे काम घेऊ नका.

आधी काम समजून घ्या. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचं इंजिनही पुढेच असतं. म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, मागचे फक्त साथ देतात. मागचा ड्रम चांगल्या स्थितीत असेल तर तो चाक लॉक करू शकतो. मग डिस्क टाकून गाडी लवकर कशी थांबेल? शेवटी रस्ता पकडतो तो टायर. डिस्क लवकर थंड होते, हा तिचा खरा फायदा. तो ट्रॅकवर, सारखं जोरात ब्रेक मारताना कामाला येतो. कामावर जाऊन येणाऱ्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता धोका बघा. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि स्वतःच जास्त घट्ट बसतो. डिस्कमध्ये तसं होत नाही, सगळा जोर ऑइलच्या प्रेशरवर. कंपनीने मास्टर सिलिंडर, पुढचा-मागचा बॅलन्स आणि एबीएस हे सगळं ड्रम धरून बसवलेलं असतं. तुम्ही दुसऱ्या गाडीचा कॅलिपर लावला की हिशोब बिघडतो. जोर कमी पडला तर पुढच्या ब्रेकवर ताण. जास्त झाला तर मागची चाकं आधी लॉक होऊ पाहतात आणि पावसात, वळणावर गाडी मागून फिरते. आंबा घाट उतरताना हे झालं तर काय, याचा विचार करा. एबीएस सांभाळून घेईल म्हणाल, तर त्याचं सेटिंगही जुन्याच ब्रेकचं आहे.

हँडब्रेकचं तर मी स्वतः भोगलंय. गॅरेज नवीन होतं, तेव्हा स्क्रॅपमधून आलेला एक सेट मी एका गिऱ्हाइकाला बसवून दिला. सपाट जागेवर हँडब्रेक धरत होता, मी खूश. चार दिवसांनी त्यांच्या घरासमोरच्या उतारावर गाडी मागे घरंगळली आणि कंपाऊंडला धडकली. जुनी केबल नव्या कॅलिपरला पुरेसा ताण देत नव्हती. त्या कंपाऊंडजवळ रोज संध्याकाळी पोरं खेळतात. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं, एवढंच नशीब. मी स्वखर्चाने ड्रम परत बसवले आणि भिंतही बांधून दिली.

कागदाची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी विचारणार, हे काम कोणी केलं? बिल तुमच्या नावाचं असतं.

आता धंद्याचा हिशोब. समजा या कामात तुम्हाला 8,000 सुटले. गाडी दोनदा परत आली, रॅम्प दोन दिवस अडला, तर त्यातलं हातात काय राहिलं? बीबीएला आम्हाला वाढीव विक्री शिकवली होती. परत आलेल्या गाडीचा खर्च मला गॅरेजनेच शिकवला.

मग गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचं का? अजिबात नाही. त्याला विचारा, "डिस्क का हवी?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ब्रेक लागत नाही नीट." इथे तुमचं खरं काम आहे. त्याच्यासमोर ड्रम उघडा. लायनर किती उरलेत ते दाखवा. व्हील सिलिंडर लीक आहे का बघा. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा असतो, त्याच्याशी माप ताडून बघा. अ‍ॅडजस्टमेंट करा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, जुनं असेल तर बदला. पुढचे पॅड आणि चारही टायर तपासा. मग त्याला शेजारी बसवून एक चक्कर मारा.

"नवीन गाड्यांत मागे डिस्क येते," असं तो म्हणेल. त्याला सांगा, फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रमच दिले. ड्रम म्हणजे मागासलेलं, असं काही नाही.

एखाद्याला ट्रॅकसाठीच गाडी बनवायची असेल, तर ते काम फक्त त्यातच मुरलेल्या माणसाकडे पाठवा.

या आठवड्याचा गृहपाठ: असं पुढचं गिऱ्हाईक आलं की भाव सांगण्याआधी मागचं चाक काढा. तुमच्या प्रामाणिक 'नाही'मुळे काही जण दुसरीकडे जातील. जे थांबतील, ते पुढच्या वेळी घरच्यांचीही गाडी तुमच्याकडेच आणतील.