मुलाला समुपदेशकाकडे नेताना...

पालकहो, मुलाचा ताप उतरला नाही तर आपण लगेच दवाखाना गाठतो. तेच मूल महिनाभर गप्प गप्प राहिलं, तर मात्र 'नाटकं करतंय' म्हणून सोडून देतो. असं का बरं?

समुपदेशक वय बघून वाट शोधतो. लहानग्यांना मनातलं शब्दांत सांगता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे बाहुल्या, रंग, माती ठेवतात. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये 'प्ले थेरपी' या पुस्तकात हीच खेळातून उपचाराची पद्धत मांडली. किशोरवयीन मुलं विश्वास बसला तरच बोलतात. म्हणून जिवाला धोका नसेल तर त्यांचं बोलणं सहसा बाहेर जात नाही. मोठ्यांशी बोलून त्यांच्या विचारांच्या सवयी तपासल्या जातात.

म्हणूनच मूल बाहेर आलं की "आत काय सांगितलंस?" असं खोदून विचारू नका. त्याचा तो विश्वास मोडतो.

शिक्षक मित्रांनो, निदान करणं आपलं काम नाही. वागण्यातला बदल टिपायचा आणि पालकांना एकांतात सांगायचा, वर्गासमोर कधीच नाही. गावात समुपदेशक नसला तरी शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर आजच लिहा.