हयातीचा दाखला

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचा हंगाम दिवाळी संपली की सुरू होतो आणि परीक्षांचे दिवस जवळ येईपर्यंत चालतो. तालुक्याच्या गावचं एखादं मंगल कार्यालय घ्यायचं किंवा शाळेचंच पटांगण मागून घ्यायचं, पुरुषांना फेटे बांधायचे, हयात असलेल्या शिक्षकांना शाल-श्रीफळ द्यायचं, कुणीतरी घंटा वाजवायची, प्रार्थना म्हणायची आणि मग हजेरी. साठी उलटलेली माणसं 'हजर सर' म्हणतात आणि टाळ्या पडतात. दोन दिवसांनी जिल्हा आवृत्तीत छायाचित्र येतं, त्यावर 'पन्नास वर्षांनी पुन्हा भरला वर्ग' असा मथळा असतो. या मथळ्यातला 'वर्ग' हा शब्द मला अलीकडे खटकू लागला आहे. तिथं भरतो तो वर्ग नसतो. वर्गातले जे तरून गेले, तेवढेच भरलेले असतात.

आमची तुकडी १९७५ची. त्या वर्षी महाराष्ट्रात जुनी अकरावीची शेवटची शालान्त परीक्षा झाली आणि नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीही त्याच वर्षी झाली. आम्ही दहावीवाले. आम्ही परीक्षा दिली आणि जूनमध्ये आणीबाणी आली, एवढं सांगितलं की आमचं वय वाचकांच्या लक्षात येईल. २०२५ साली आमची पन्नाशी भरली. गेली काही वर्षं आमचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. पुण्या-मुंबईतले, सोलापुरातले, दोघं-तिघं आखातात राहून परत आलेले, एक अमेरिकेत लेकीकडे असलेला, असे सगळे त्यात आहेत. गटाचे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरले. राजकारण नको आणि जातिधर्म नको. नियम चांगलेच आहेत आणि त्यामुळेच गट टिकला, हे मान्य केलं पाहिजे. पण कुणी न ठरवता एक तिसरा नियमही लागू झाला आहे. दुःख नको.

म्हणजे असं, की गटावर बातम्या येतात त्या एकतर नातवाच्या बारशाच्या, मुलाला परदेशी लागलेल्या नोकरीच्या, चारधाम करून आल्याच्या. नाही तर थेट मृत्यूच्या. मधलं काही नाही. आमच्यातला एकजण अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस करून घेत होता. गटावर तो रोज सकाळी सुविचार टाकायचा. गेल्यावर्षी त्याच्या मुलानं वडिलांच्याच फोनवरून 'बाबा गेले' एवढं लिहिलं, तेव्हा आम्हाला कळलं. पाठोपाठ 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या ओळी पडत गेल्या, हात जोडलेल्या चित्रांसह. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत तर हा मजकूर लोक एकमेकांचाच उचलून पुढे चिकटवत होते, इतकी घाई होती. त्या वेळी ते क्षम्य होतं. आता घाई कसली आहे? काही महिन्यांनी त्याच्या नंबरानं गट सोडल्याची ओळ आपोआप उमटली. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

मी बँकेत अडतीस वर्षं काढली. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला शाखेत येत. काउंटरपुढच्या रांगेत वर्षभरानं भेटलेली माणसं एकमेकांना विचारत, "काय, आहे का अजून?" आणि मोठ्यानं हसत. पण हसून झालं की बाकावर बसून गुडघ्याची शस्त्रक्रिया कुठं केली, खर्च किती आला, सून बघते का, हे सगळं बोलणं होई. आता २०१४पासून 'जीवन प्रमाण' आल्यामुळे हे काम घरबसल्या होतं. चांगली सोय झाली, विशेषतः अंथरुणाला खिळलेल्यांची. मात्र ती रांग तुटली. बँकेला काय, खातेदार जिवंत आहे की नाही एवढंच हवं असतं. शाळेतल्या मित्रांनीही तेवढ्यावर भागवावं का, हा माझा प्रश्न आहे.

बातम्यांचं हे असं. आठवणींचं म्हणाल तर त्या सगळ्या गोड. शाईची दौत, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं, बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणारी बिनाका गीतमाला, अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणारी बार्शी लाइटची गाडी. (ही गाडी १८९७ साली सुरू झाली. तो मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे, पण आमच्या गटावर ती आठवड्यातून एकदा तरी धावते.) आणि अर्थातच छडी. छडीचं कौतुक आमच्या पिढीनं जितकं केलं असेल तितकं जगात कुणी केलं नसेल. 'सरांनी मारलं म्हणून घडलो' हे वाक्य गटावर मी किमान तीसेक वेळा वाचलं आहे. ते लिहिणारे सगळे घडलेलेच असतात, हेही ओघानं आलं.

मेळाव्याच्या तयारीच्या दिवसांत असंच एका सरांविषयी लिहिणं चाललं होतं. सर आज हयात नाहीत. गणित शिकवायचे. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात कच्च्या मुलांची शिकवणी घ्यायचे आणि एक पैसा घ्यायचे नाहीत. त्यांच्या नावानं बक्षीस ठेवावं असा ठराव जवळपास झालाच होता. तेवढ्यात एकानं लिहिलं. हा आमच्या दहावीच्या फोटोत नाही. एसटीत हेल्पर म्हणून लागला, मेकॅनिक होऊन निवृत्त झाला. बसस्थानकावर कुणाला तरी भेटला म्हणून गटात आला. सहसा लिहीत नाही. त्यानं लिहिलं ते साधारण असं, की आठवीत असताना, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, तो आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचा. सकाळी हजेरी लावून, दोन तास काम करून शाळेत यायला उशीर व्हायचा. उशिराबद्दल सर हातावर छड्या मारायचे. हाताला आधीच फोड असायचे. नववीत त्यानं शाळा सोडली. बक्षिसाला विरोध नाही, वर्गणी देतो, असंही शेवटी होतं.

गटावर दिवसभर शांतता. मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. मग एकजण म्हणाला, जुन्या गोष्टी उगाळू नयेत. दुसरा म्हणाला, सर देवमाणूस होते, गेलेल्या माणसाविषयी असं लिहिणं शोभत नाही. तिसऱ्यानं तर अशा मुलांना सर मारतच नसत, असं ठामपणे लिहिलं. हा तिसरा गावातल्या सधन घरातला. त्याच्या घरी त्या वर्षी धान्याचं पेव उघडलं होतं, त्याला खडीच्या कामाची माहिती असण्याचं कारण नव्हतं.

दोन दिवसांनी एका वर्गभगिनीनं लिहिलं, की तीही होती. वेगळ्या कामावर, नालाबांधाच्या. तिथं सुकडी मिळायची ती भावंडांसाठी परकरात बांधून न्यायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची, तिची भाकरी शाळेच्या डब्यात असली की झाकण अर्धंच उघडून खायची, रंग दिसू नये म्हणून. ही बाई पुढं शिक्षिका झाली. आजवरच्या सगळ्या मेळाव्यांत ती ईशस्तवन म्हणत आली आहे. तिनं हे पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्यानंतर आणखी चौघांनी लिहिलं. एकाला कामाच्या ठिकाणचा मुकादम आठवत होता, एकाला टँकरपुढच्या कळशांची रांग. म्हणजे आमच्या आठवीच्या वर्गातली निदान सहा मुलं त्या वर्षी दुष्काळी कामांवर होती आणि एकाच्या बाकावरच्या दुसऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

रोजगार हमी योजनेचा उगम त्या दुष्काळातला, तिचा कायदा विधिमंडळानं १९७७ साली केला, हे पुस्तकांत सापडतं. योजनेवर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण त्या कामांवरून धावत शाळेत येणाऱ्या मुलाचं काय व्हायचं, हे आमच्या वर्गाखेरीज कोण सांगणार? सर देवमाणूस होते आणि त्यांनी फोड आलेल्या हातावर छड्या मारल्या, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही एकाच वहीत लिहिल्या गेल्या पाहिजेत. सरांना मुलगा उशिरा का येतो हे माहीत नव्हतं, असा माझा अंदाज आहे; विचारायची त्या काळी पद्धत नव्हती आणि सांगायची तर त्याहून नव्हती. तो मित्र काही फिर्याद मांडत नव्हता. आपली बातमी देत होता. ती पोचायला पन्नास वर्षं लागली, इतकंच.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. माणसं वर्षातून एक दिवस हसायला येतात, औषधाच्या गोळ्या विसरून जिलेबी खातात, त्यांच्यापुढं हे रडगाणं कशाला? आक्षेप खोटा नाही. मलाही फेटा बांधून घ्यायला आवडतं. मात्र या वयात माणसाचे साक्षीदार झपाट्यानं कमी होतात. आई-वडील गेलेले असतात, थोरली भावंडं जाऊ लागतात. बायको किंवा नवरा यांची ओळख लग्नानंतरची. तुम्ही बारा वर्षांचे असताना कसे होतात, हे सांगू शकणारी माणसं वर्गातलीच उरतात. नोकरीत मी साहेब होतो, घरी आजोबा आहे. नुसत्या आडनावानं 'ए' म्हणून हाक मारणारी पंधरा-वीस माणसं आता पृथ्वीवर आहेत आणि ती सगळी या गटात आहेत. बँकेत वारसाचा दावा आला की ओळख पटवणारी माणसं लागत. मोठे सहीशिक्के असलेली माणसं पुष्कळ मिळायची, पण 'मी याला लहानपणापासून ओळखतो' असं म्हणणारा मिळाला की अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. अशा माणसांसमोरही आपण केवळ मुलाचं पॅकेज सांगायचं आणि किडनी लपवायची, याला काय म्हणावं?

आमच्या गटात त्या प्रसंगानंतर एक काम सुरू झालं आहे, त्याची माहिती इतर तुकड्यांना उपयोगी पडेल म्हणून देतो. आजवर आमची यादी दहावीच्या फोटोवरून केलेली होती. ती बाजूला ठेवून आम्ही शाळेच्या परवानगीनं जनरल रजिस्टर उघडलं आणि पाचवीत आलेली नावं उतरवून घेतली. ती निघाली ५२. दहावीला बसले होते ३८. उरलेली १४ मुलं मधल्या वर्षांत गळाली. आजवर त्यांच्यापैकी फक्त तो एसटीतला मित्र गटात होता. बाकीच्यांना कुणी मेळाव्याला बोलावलेलं नव्हतं. त्यात वाईट हेतू नव्हता, यादीत नाव नव्हतं म्हणून. रजिस्टरात शेवटी एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथं बहुतेकांपुढं 'सतत गैरहजर' असं लिहिलं आहे. त्याच्या शेजारी 'वर्तणूक' या रकान्यात सगळ्यांचं 'चांगली'.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते, २०१४पासून तशी व्यवस्था आहे. पण खातेदाराचा हक्क त्यामुळे बुडत नाही. तो किंवा त्याचा वारस कधीही येऊन मागू शकतो, बँकेनं द्यावंच लागतं. मी कारकुनी वळणाचा माणूस असल्यानं मला हा नियम फार आवडतो. यादीचं काम माझ्याकडे आलं ते बहुधा त्यामुळेच.

मुलगे त्या मानानं सापडतात. गावात कुणाला तरी आडनाव, गल्ली, भाऊबंद ठाऊक असतात. मुलींचं अवघड. आडनाव बदललेलं असतंच, आणि आमच्याकडे लग्नात तांदळावर नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायची रीत होती. म्हणजे रजिस्टरातल्या नावाची बाई जगात कुठं नसतेच. बँकेत अशा वेळी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र मागत असू. इथं ते कुणाकडे मागणार? आमच्या वर्गातल्या बायकांनी मग हे काम स्वतःकडे घेतलं. जत्रेत, लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकावर त्या माहेरची नावं विचारत फिरतात. सातवीतून शाळा सोडलेली एकजण त्यांना अशीच मोतीबिंदूच्या शिबिरात भेटली. तिचं पहिलं वाक्य होतं, "मी काही तुमच्या वर्गातली नाही, मी दहावी नाही झाले." तिला पाचवीतला तिचा हजेरी क्रमांक सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तिच्यामागं कोणाचं नाव पुकारलं जायचं ते बरोबर सांगितलं.

त्या चौदांपैकी दहा जणांचा पत्ता लागला आहे. त्यांतले तिघं हयात नाहीत. दोघांच्या घरी जाऊन आलो, तिसऱ्याच्या मुलाशी फोनवर बोलणं झालं. वडील शाळेत आमच्याबरोबर होते हे त्याला माहीत नव्हतं. हयात सातजणांपैकी एकानं गटात यायला स्पष्ट नकार दिला, तोही आम्ही मान्य केला. चार नावं राहिली आहेत. त्यांतली तीन मुलींची. एकीचं सासर करमाळा तालुक्यात आहे असं कळतं, गावाचं नाव अजून मिळालेलं नाही.