राखीव खेळाडूचे दोन गोल

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या ओई हॉकी स्टेडियमवर भारताने जर्मनीला ५-४ असं हरवलं आणि ४१ वर्षांनी हॉकीतलं ऑलिंपिक पदक घरी आलं. त्या सामन्यात दोन गोल करणारा सिमरनजीत सिंग मूळच्या सोळाजणांच्या संघात नव्हताच. कोरोनामुळे राखीव खेळाडूंनाही खेळवण्याची मुभा मिळाली, म्हणून तो मैदानात उतरला. आकाशदीप, सुनील यांच्यासारख्या अनुभवी खेळाडूंना प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी बाहेर ठेवलं आणि पहिल्यांदाच ऑलिंपिक खेळणाऱ्या दहाजणांवर भिस्त टाकली. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, कारण रीड यांनी सगळी जुनी खोडं उपटली नव्हती. पेनल्टी स्ट्रोकवर चौथा गोल मारायला अनुभवी रूपिंदर पाल सिंग होता. सामना संपायला सहा सेकंद असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, तेव्हा गोलमध्ये तिसरं ऑलिंपिक खेळणारा श्रीजेश होता. त्याने तो चेंडू अडवला. आपल्याकडे ज्येष्ठांना नेहमी असं वागवलं गेलेलं नाही. खडकीच्या धनराज पिल्लेने १९९८ मध्ये बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकून दिलं आणि त्यानंतर लगेच त्याच्यासह अनेक खेळाडूंना डच्चू मिळाला. माझा तो राग अजून जात नाही. टोकियोनंतर दोन महिन्यांच्या आत रूपिंदर तरुणांना वाट करून देत निवृत्त झाला. निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि गळ्यात पदक होतं.