निरोप पोहोचेपर्यंत

आदिलाबादेतील जुन्या पिढीला ट्रंक कॉल म्हणजे काय, हे सांगावयास नको. नागपूरच्या किंवा नांदेडच्या आप्तांशी बोलावयाचे, तर नंबर नोंदवून तासन्‌तास वाट पाहावयाची; आणि अखेर ‘हॅलो’ ऐकू यावे, तोच लाईन निःशब्द व्हावी. पलीकडे काय झाले असेल, या काळजीने मग सारे घर अस्वस्थ होई. देशाच्या इतिहासातील एका मोठ्या प्रसंगीही नेमके असेच घडले होते.

१८ मे १९७४ रोजी सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी राजस्थानातील पोखरणच्या वाळवंटात भारताचा पहिला अणुस्फोट झाला. ठरलेली वेळ आठची होती. उशीर झाला तो एका जीपमुळे! कॅमेरे तपासावयास गेलेल्या शास्त्रज्ञांची जीप ऐनवेळी सुरूच होईना, आणि ते पायी परतले.

स्फोटानंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी सेठना यांनी पंतप्रधानांच्या कार्यालयात पी. एन. धर यांना दूरध्वनी लावला. बोलण्यास आरंभ होतो न होतो, तोच लाईन तुटली. प्रयोग फसला, असा दिल्लीचा समज झाला तर? सेठनांची धावपळ उडाली. पुन्हा संपर्क झाला तेव्हा कळले, की लष्करप्रमुख जनरल बेवूर यांचा निरोप आधीच पोहोचला आहे. जनरल बेवूर यांचे वडील एकेकाळी टपाल व तार खात्याचे महासंचालक होते, हा योगायोगही मौजेचाच.

वाचकांनी अशा गोष्टींकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. अणुस्फोट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शास्त्रज्ञ आणि त्यांची गणिते येतात. परंतु तुर्भ्याचे प्लुटोनियम शेकडो मैल दूर वाळवंटात न्यावयाचे, तर ट्रक हवेत, पहारा हवा. १९७४ साली राजगोपाल चिदंबरम आणि रॉय हे शास्त्रज्ञ लष्करी ताफ्याबरोबर ते घेऊन गेले. शंभर मीटरहून खोल विवर खणावयाचे, तर हाती फावडे घेणारे जवान हवेत. आणि यंत्रांपासून नियंत्रणकक्षापर्यंत मैलोगणती केबल अंथरणारेही हवेत.

या केबलींनी एकदा दगाही दिला. १९९५ च्या डिसेंबरात नव्या चाचणीची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपली, दडपण आले आणि चाचणी राहिली. त्या वेळी पंतप्रधान होते नरसिंह राव. आपल्या तेलंगणाचे सुपुत्र, आणि हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे मराठीचे जाणकार.

त्या अनुभवातून लष्कराच्या ५८ व्या इंजिनिअर रेजिमेंटने धडा घेतला. १९९८ मध्ये खोदकाम रात्रीच चाले. पहाट होण्यापूर्वी यंत्रे मूळ जागी परत उभी केली जात. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत, डॉ. अब्दुल कलाम ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ झाले होते. ११ मे रोजी वारा पडेपर्यंत सर्वांना थांबावे लागले. दुपारी पावणेचार वाजता तीन स्फोट झाले, १३ मे रोजी आणखी दोन. मध्य प्रदेशातील बडवानीला जन्मलेले डॉ. अनिल काकोडकर १९७४ आणि १९९८ या दोन्ही प्रयोगांत होते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना हे आवर्जून सांगावे.

मात्र तेवढ्यावर थांबू नये. जवळच्या खेतोलाई गावात त्या दुपारी जवानांनी लोकांना घराबाहेर येण्यास सांगितले. आपल्या पायांखालची जमीन का हादरणार आहे, हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते. घरांच्या भिंतींना तडे गेले. गुप्तता राखणाऱ्यांची अडचण आपण समजू शकतो. पण तिचा भार ज्यांची संमती कोणी विचारली नाही अशांवरही पडला, हे विसरणे बरे नव्हे.

दिल्लीला निरोप मिळण्यास काही मिनिटांचा विलंब झाला, तर केवढी घालमेल झाली! खेतोलाईच्या माणसाला मात्र निरोप सर्वांत शेवटी मिळाला. देशाचे सामर्थ्य मोजताना हा हिशेबही आपण मांडावयास हवा.