सोसायटीच्या फाटकाबाहेर

पुण्यात 12 जुलैला सुट्टी नसते, मिरवणूक नसते. पण पेठेतल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, 1961 चा तो बुधवार त्याला तपशिलासकट आठवतो. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही पानशेतचे अपूर्ण धरण सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची ऐंशी वर्षांची भिंत खचली आणि नदीकाठच्या पेठांत पुरुषभर पाणी शिरले. दर वर्षी या तारखेला वर्तमानपत्रे जुनी छायाचित्रे छापतात, आठवणी मागवतात आणि 13 तारखेला दुसऱ्या विषयाकडे वळतात. आज आम्हाला पुरापेक्षा पुरानंतरच्या पुण्याबद्दल बोलायचे आहे. त्या पुण्यातला एक मोठा तुकडा म्हणजे कोथरूड. ते सध्या पाडले जात आहे आणि पुन्हा बांधले जात आहे.

पुराने वाडे पाडले हे खरेच, पण ते आधीपासूनच खिळखिळे झाले होते. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक कौलेही बदलेना आणि भाडेकरू जागा सोडेना. पाणी ओसरल्यावर हा तिढा अनेक ठिकाणी एका दिवसात सुटला, कारण भांडायला वाडाच उरला नव्हता. पूरग्रस्तांसाठी सरकारने गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या केल्या. ज्यांच्या गाठीला थोडे पैसे होते त्यांनी नदीपासून दूर, चढावरची जागा शोधली. कर्वे रस्त्याने पुढे गेले की मृत्युंजयेश्वराचे मंदिर, म्हातोबाचे गावठाण आणि मग शेतेच शेते. ‘कोथरूडला राहायला गेलो’ असे सांगितले की पेठेतले नातेवाईक वनवासाला निघाल्यासारखा निरोप देत.

पण एकट्या पुराने उपनगर वसत नाही. त्याच दशकात महाराष्ट्राच्या कायद्याच्या पुस्तकात तीन मोठ्या गोष्टी आल्या: 1960 चा सहकारी संस्था कायदा, 1963 चा सदनिका मालकीचा कायदा म्हणजे ‘मोफा’ आणि 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा. पहिल्याने दहा जणांना एकत्र येऊन संस्था नोंदवता आली, दुसऱ्याने फ्लॅट ही खरेदी करण्याची वस्तू झाली, तिसऱ्याने शहराला विकास आराखडा करण्याची चौकट दिली. बँकेतले, शाळेतले, टपाल खात्यातले लोक एकत्र आले, शेतकऱ्याकडून जमीन घेतली, प्लॉट पाडले, कर्ज काढले. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी, भुसारी कॉलनी या नावांत नगररचनाकार कमी आणि खिशाचा अंदाज घेत घेत पुढे गेलेला मध्यमवर्ग जास्त दिसतो. या सगळ्यात जमीन विकणाऱ्या गावठाणातल्या कुटुंबांच्या हाती काय उरले, याचा हिशेब मात्र पुण्याने कधी मनापासून मांडला नाही.

रोजगारही इथेच आला. 1962 मध्ये किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि डिझेल इंजिनांचा कारखाना कोथरूडात उभा राहिला. त्यातली अमेरिकन भागीदार कंपनी इंडियाना राज्यातल्या कोलंबस या छोट्या गावातली. या गावाची गोष्ट कोथरूडकरांनी ऐकावी अशी आहे. कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी 1950 च्या दशकात गावापुढे एक साधा प्रस्ताव ठेवला: शाळा तुमची, बांधकामाचा खर्चही तुमचा, पण आम्ही सुचवलेल्या नामवंत वास्तुरचनाकारांपैकी एकाला काम द्या, त्याचे मानधन कमिन्सचे प्रतिष्ठान देईल. पहिली शाळा 1957 मध्ये झाली. पाठोपाठ आणखी शाळा, अग्निशमन केंद्रे उभी राहिली. वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी रचलेले वाचनालयही याच गावात आहे. आज जगभरचे विद्यार्थी वास्तुकला पाहायला तिथे जातात. उद्योगपतीने पैसे दिले यापेक्षा त्याने कशासाठी दिले हे महत्त्वाचे. इमारत गावाचे काय देणे लागते, हा प्रश्न तिथे नकाशा काढण्याआधी विचारला गेला.

आपल्याकडे याचा धागा दुसऱ्या वाटेने आला. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर 1900 मध्ये झोपडीत विधवांचा आश्रम आणला. त्याच परिसरात, आता कर्वेनगर म्हणतात तिथे, त्यांच्याच संस्थेने 1991 मध्ये कमिन्सच्या साहाय्याने मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. झोपडीतून सुरू झालेली वाट इंजिनांपर्यंत गेली. कोथरूडच्या सामाजिक बदलाचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही. पण रस्ते, चौक, बाजार आणि पदपथ यांच्या वाट्याला असा कुणी मिलर किंवा कुणी कर्वे आला नाही. ‘आशियातील सर्वात वेगाने वाढणारे उपनगर’ ही उपाधी नव्वदच्या दशकात जिथे तिथे ऐकू येई. ती कुणी मोजून दिली हे विचारण्याइतका वेळ कुणाला नव्हता, आणि खरे तर अभिमान वाटावा असे त्यात होते तरी काय?

तरीही जुने कोथरूड नीट चालले. का चालले, ते समजून घ्यायला पुन्हा 1961 सालात जावे लागते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेन जेकब्स यांचे अमेरिकी शहरांच्या मरणा-जगण्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बाई वास्तुरचनाकार नव्हत्या की नगररचनाकार नव्हत्या, त्या मासिकात लिहीत. रॉबर्ट मोझेस यांच्यासारखे बलाढ्य अधिकारी जुन्या वस्त्या पाडून द्रुतगती मार्ग आणि एकसारखे उंच ठोकळे उभारत होते. त्यांच्याविरुद्ध त्या म्हणत होत्या की वस्ती जगते ती घरे, दुकाने आणि कामाच्या जागा सरमिसळ असल्या तर, गल्ल्या आखूड असल्या तर, माणसे दाट राहत असली तर आणि नव्या इमारतींच्या शेजारी जुन्याही शिल्लक असल्या तर. शेवटच्या मुद्द्यामागे रोकडे अर्थशास्त्र आहे. नव्या इमारतीचे भाडे मोठ्या दुकानालाच परवडते, छोट्या आणि नव्या धंद्याला जुनी, कमी भाड्याची जागा लागते.

हे पुस्तक न वाचताच कोथरूडने ते अमलात आणले होते. तीन मजली इमारत, जिन्याखाली इस्त्रीवाला, गॅरेजमध्ये शिंपी, मागच्या खोलीत गणिताचा क्लास, शेजारी पोळी-भाजी केंद्र, वर पेन्शनर. भांडी-धुणी करणारी बाई पंधरा मिनिटांवरच्या केळेवाडीतून किंवा सुतारदऱ्यातून चालत येई. टेकड्यांच्या उतारावरच्या त्या वस्त्या आराखड्यात ‘अतिक्रमण’ म्हणून दिसतात, पण त्यांच्यावाचून कोथरूडच्या एकाही स्वयंपाकघरातली सकाळ सुरू होत नव्हती. अमेरिकेत नेमके उलटे घडले होते. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरे, दुकाने आणि कारखाने कायद्याने वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवण्याला मान्यता दिली. 1947 पासून लेव्हिटटाउनसारखी एका साच्यातली उपनगरे उभी राहिली, त्यांत कृष्णवर्णीयांना घर नाकारले गेले. 1956 च्या महामार्ग कायद्याने प्रत्येक दाराशी मोटार आली. दूध आणायला गाडी काढावी लागते ही तक्रार कोथरूडच्या किती आई-वडिलांनी अमेरिकेतल्या मुलाकडून, सनीव्हेल नाहीतर फ्रीमाँटहून, परतल्यावर केली आहे! आणि सुट्टीत आलेला मुलगा पहिल्या संध्याकाळी पायात चपला अडकवून कोपऱ्यावर वडापाव खायला जातो, तेव्हा त्याला काय हवे असते ते कुणी समजावून सांगावे लागत नाही.

आता त्याच आई-वडिलांच्या सोसायटीत विशेष सर्वसाधारण सभा भरते. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासाला निम्म्याहून किंचित अधिक सभासदांची संमती पुरते. डिसेंबर 2020 च्या एकत्रित नियमावलीने आणि मेट्रो स्थानकांभोवतीच्या पाचशे मीटरमधल्या चारपर्यंतच्या एफएसआयने, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंतच्या बांधकामाच्या परवानगीने, गणित आणखी गोड केले. मोठा फ्लॅट, कॉर्पस म्हणजे बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम, पर्यायी घराचे भाडे, दोन गाड्यांचे पार्किंग, लिफ्ट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लिफ्ट नको म्हणणारे आम्ही कोण? साठ वर्षांच्या इमारतीची गळती, गंजलेल्या सळ्या आणि अंगावर पडणारे छत सांस्कृतिक वारसा म्हणून जपा असे सांगणे हा पाहुण्याचा शहाणपणा झाला. पुनर्विकास व्हायलाच हवा.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. सभेत तीन तास चर्चा होते ती कार्पेट क्षेत्रफळाची, टाइल्सची, बँक गॅरंटीची. फाटकाबाहेर काय होणार, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवरच नसतो. समजा, एका गल्लीत वीस-वीस घरांच्या आठ सोसायट्या आहेत. आठही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बिल्डरकडे गेल्या आणि प्रत्येकीत साठ-सत्तर घरे झाली. गल्ली तीच, सांडपाण्याची वाहिनी तीच, पाण्याची लाइनही तीच. टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरायला रस्ता पुरेसा रुंद लागतो म्हणून प्रत्येकाने समोरची पट्टी सोडली, तिथली झाडे गेली आणि त्या पट्टीवर गाड्या उभ्या राहिल्या. तळमजला आणि वरचे दोन मजले पार्किंगचे झाले, म्हणजे रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत. इस्त्रीवाला आणि शिंपी कुणाच्याच करारात सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना ना पर्यायी भाडे ना परतीची जागा. आठ सोसायट्यांनी कायदेशीर, आपापल्या परीने शहाणा निर्णय घेतला आणि गल्ली मात्र गेली. ते कुणाचे कामच नव्हते, म्हणून.

गंमत अशी की ज्या अमेरिकेने मोटारीसाठी शहर पसरवले ती आता मागे वळते आहे. मिनियापोलिसने 2018 मध्ये फक्त एका कुटुंबाच्या घराचा हट्ट सोडणारा आराखडा मंजूर केला. कॅलिफोर्नियात 2022 पासून एका प्लॉटचे दोन भाग करून अधिक घरे बांधायला कायद्याने मुभा आहे. ते दाटीकडे, सरमिसळीकडे चालले आहेत. आणि कोथरूड, ज्याच्याकडे दोन्ही आयते होते, ते दाटी ठेवून सरमिसळ घालवते आहे. वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली, चांदणी चौकापर्यंतच्या विस्ताराला 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. मेट्रोच्या नावावर वाढीव एफएसआय घ्यायचा आणि त्या इमारतीत घरटी दोन गाड्यांची सोय करायची, हा व्यवहार कोणत्या नगररचनेच्या पुस्तकात बसतो ते आम्हाला माहीत नाही.

मेट्रोच्या वनाज डेपोच्या जागेचा इतिहासही विसरू नये. तिथे शहराचा कचरा पडे, पौड रस्त्यावरच्या थांब्याला ‘कचरा डेपो’ हेच नाव होते. भोवती फ्लॅट आले, आवाज उठला, कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे गेला. पुढे तिथल्या गावकऱ्यांनीही गाड्या अडवल्या. कोथरूडकरांची तक्रार रास्तच होती, पण नकोशी गोष्ट पुढच्या गावाच्या दारात ढकलणे यालाच आपण इतकी वर्षे नियोजन म्हणत आलो. टेकड्यांबाबत मात्र याच लोकांनी वेगळे वळण घेतले. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी वेताळ टेकडी कापण्याविरुद्ध 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो माणसे रस्त्यावर उतरली. त्यांत टेकडीसमोर फ्लॅट असलेले होते, तसेच रोज पहाटे चालायला येणारेही. स्वतःच्या सातबाऱ्यावर नसलेल्या जागेसाठी कोथरूडकर उभा राहू शकतो, हे तेव्हा दिसले.

तोच आग्रह गल्लीसाठी धरता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलावलेली. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धतही आहे. पण मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, आणि पुनर्विकासाचा जोर वाढला तोही याच काळात. आता महापालिकेने परवानगी देताना प्रत्येक प्लॉटचा नकाशा सुटा न तपासता किमान एका चौकापुरता एकत्र हिशेब मांडावा: पाणी, सांडपाणी, झाडे, पदपथ, रस्त्यालगत काही छोटे गाळे परवडणाऱ्या भाड्यात. पदपथाच्या बाजूची भिंत मोकळी करून तिथे दुकान देणाऱ्या इमारतीला प्रीमियममध्ये सवलत द्यावी, हवे तर तिची भरपाई जास्तीचे पार्किंग देणाऱ्याकडून वसूल करावी. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी प्लॉट एकत्र केले तर मधल्या सामायिक भिंती जातात आणि मुलांना खेळायला सलग जागा मिळते. नियमावलीत याला वाव आहे, अडते ते ‘त्यांच्या कमिटीशी आपले जमत नाही’ इथे.

पानशेतनंतर लोकांना निवडीला वेळ नव्हता. डोक्यावर छप्पर हवे होते, मिळेल तिथे ते गेले. नदी मात्र शहराने त्यानंतरही सोडली नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरे बुडाली, आणि ती घरे काही पेशव्यांच्या काळातली नव्हती. आजच्या कोथरूडकराच्या पाठीमागे लोंढा नाही. त्याच्या हातात करार आहे, सल्लागार आहे, मतदानाचा हक्क आहे, दोन-तीन वर्षांचा अवधी आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत कार्पेट आणि कॉर्पसनंतर एक विषय वाढवायला सचिवाला एक ओळ पुरेल. शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षाला त्या सभेला बोलवायलाही कुणाची ना हरकत लागत नाही.