वर्दी दिल्यापासून बंब येईपर्यंत

14 एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून पुढचा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. या तारखेचे मूळ मुंबईतले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही होती. दुपारी चार वाजून गेल्यावर सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण त्यात मृत्युमुखी पडले. भायखळ्याच्या मुख्यालयात आजही त्यांना दरवर्षी मानवंदना दिली जाते.

मार्च संपताना महापालिकांचे हिशेब पुरे होतात आणि याच सुमारास अग्निशमन दलाच्या सरत्या वर्षाचा ताळेबंदही आपल्यासमोर येतो. किती वर्द्या आल्या, किती जणांची सुटका झाली, कोणती नवी वाहने ताफ्यात आली, असा तो मजकूर असतो. वृत्तपत्राच्या आतल्या पानावरचे हे आकडे आपण बहुधा ओलांडून पुढे जातो. मी मात्र ते वैद्याच्या नजरेने वाचतो, कारण त्यात आगीखेरीज पुष्कळ काही असते. पडलेली झाडे, खचलेली घरे, रस्त्यावर सांडलेले तेल, संक्रांतीच्या मांज्यात अडकलेली घार, मजल्यांच्या मध्येच थांबलेली लिफ्ट. आणि आणखी एक नोंद असते, ‘बंद दार उघडणे’. हे तीन शब्द माझ्या वयोवृद्ध वाचकांनी थोडे थांबून वाचावेत.

बंद दाराआड बहुधा कोण असते? एकटी राहणारी आजी न्हाणीघरात घसरून पडलेली असते आणि कडी आतून असते. शेजारी हाका मारतात, ओ येत नाही, मग 101 ला दूरध्वनी जातो. जवान खिडकीतून उतरतात किंवा कुलूप तोडतात. अशा वेळी मोडलेल्या हाडाइतकीच चिंता आम्हा डॉक्टरांना जमिनीवर पडून गेलेल्या तासांची असते. एकाच कुशीवर दीर्घकाळ पडून राहिल्यास दबलेले स्नायू झिजतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर येते. पाणी मिळालेले नसतेच, त्यामुळे इजा अधिक गहिरी होते. म्हणून माझे दोन आग्रह आहेत. न्हाणीघराला बाहेरून उघडता येईल अशी कडी लावून घ्यावी आणि घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. आपल्याला ते परावलंबन वाटते, हे मी जाणतो. पण आपले दार तोडण्याची वेळ जवानांवर येण्यापेक्षा ते बरे.

आता सुधारणांकडे वळू. उदाहरण मुंबईचे घेतो, कारण माझा दवाखाना याच शहराच्या उपनगरात आहे. येथे पस्तीसच्या आसपास अग्निशमन केंद्रे आहेत. गर्दीतून पोहोचण्यास लागणारा वेळ कमी व्हावा म्हणून त्यांच्या जोडीला छोटी केंद्रे उभारली गेली. त्यांतील काही तर कंटेनरमध्ये थाटलेली आहेत. अरुंद गल्लीत शिरणारी लहान, चपळ वाहने आली. दलात आता महिला जवानही आहेत. 2015 साली 90 मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी आली. म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत माणूस नेणारी. 22 जुलै 2019 रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली, तेव्हा गच्चीचा आसरा घेतलेल्यांसह 84 जणांना खाली उतरविण्यात आले आणि आग विझविण्यासाठी यंत्रमानवही वापरला गेला. हे सारे कौतुकास्पद आहे. त्याची किंमतही दलाने चुकविलेली आहे. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत चार अधिकारी गेले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. दोघे जागीच गेले, उरलेले दोघे भाजल्याने पुढे रुग्णालयात.

तरीही नव्वद मीटरच्या त्या शिडीला आपले पाय पसरून रोवण्यासाठी मोकळी, भक्कम जागा लागते. ती जागा आपल्या सोसायटीच्या आवारात आहे का, की तेथे दोन रांगांत मोटारी उभ्या आहेत? आणि केंद्र कितीही जवळ असले, तरी वर्दी दिल्यापासून बंब दारात येईपर्यंत काही मिनिटे जाणारच. जवानांना श्वसनयंत्र चढवून, जिने चढून आपल्या मजल्यावर यावयाचे असते, त्याला आणखी काही. ही मिनिटे घरातल्या माणसांची असतात. धडधाकट माणूस तेवढ्यात जिना उतरतो. गुडघ्यांनी जखडलेला, झोपेची गोळी घेतलेला, रात्री श्रवणयंत्र काढून ठेवलेला माणूस काय करणार, हा प्रश्न कोणत्याही वार्षिक ताळेबंदात सुटत नाही. तो आपल्याच घरी सोडवावा लागतो.

प्रथम धुराविषयी. आगीत बळी जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाला स्पर्शही करीत नाही. ते धुराने जातात. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला. त्यांतले अनेक जण आसऱ्यासाठी प्रसाधनगृहात शिरले होते आणि तेथेच गुदमरले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते, आणि वृद्धांत ही लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जाण्याचा धोका असतो. तोंडावर ओला रुमाल धरल्याने काजळी अडते, हा वायू अडत नाही. म्हणून रुमाल शोधण्यात वेळ न घालवता खाली वाकून, शक्य तर रांगत, बाहेर पडावे. जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर येथे आपली फसवणूक करते, हेही सांगून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्या उपकरणाला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते, आणि पडद्यावर 98 उमटते. धुरात सापडलेल्या माणसाचा आकडा चांगला आला म्हणून त्याला घरी ठेवू नये. आवाज घोगरा झाला असेल, नाकपुड्यांत काजळी असेल, थुंकीत काळेपणा असेल, तर तो बोलत-चालत असला तरी रुग्णालयात न्यावा. श्वासनलिकेची सूज काही तासांनी वाढते. दम्याच्या आणि जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णांबाबत तर अजिबात वाट पाहू नये.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची तजवीज हा विषय घरात काढणे अवघड जाते. तो अशुभ वाटतो. काळजीवाहकांनी तो शांतपणे काढावा. आजारी माणसाची खोली शक्यतो मुख्य दाराजवळची असावी आणि स्वयंपाकघर ओलांडून जाण्याची गरज नसावी. उचलून नेणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असते. अंगाखालच्या जाड चादरीसकट त्यांना हलकेच जमिनीवर घ्यावे, डोक्याकडची चादर दोन्ही मुठींत गुंडाळून धरावी आणि डोके पुढे ठेवून ओढत न्यावे. घरातल्या एखाद्या तरुणाला चादरीवर झोपवून हे एकदा करून पाहावे. किती सोपे आहे याचे आपल्यालाच नवल वाटेल. लिफ्ट वापरावयाची नाही, चाकाची खुर्ची असली तरीही नाही. जिन्यात धूर भरला असेल, तर रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत राहावे, दार लावून घ्यावे, फटीत ओली चादर कोंबावी आणि 101 ला मजला, खोलीची दिशा व ‘येथे चालू न शकणारी व्यक्ती आहे’ हे स्पष्ट सांगावे. जवानांना हे आधी कळले, तर ते थेट त्या खोलीकडे येतात.

याहून अवघड गोष्ट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची. ते बाहेर निघून जातात, हरवतात, म्हणून बाजारात जाताना घराला बाहेरून कुलूप लावले जाते. लावणाऱ्याची अगतिकता मला दिसते; दिवसभर एकट्याने सांभाळणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला मी दोष देणार नाही. पण कुलूपबंद घरातल्या माणसाला पळण्याचा एकही मार्ग राहत नाही, आणि आत कोणी आहे हे बाहेरच्यांना ठाऊकही नसते. निदान शेजारच्या घरी सांगून आणि किल्ली देऊनच बाहेर पडावे. गॅसचा नॉब सिलिंडरपाशीच बंद करावा, काडेपेटी आणि लायटर बरोबर न्यावेत. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांचेही तसेच. चोरांच्या भयाने आपण त्या बसवितो, आणि शिडी खिडकीशी येऊनही माणूस आतच अडकतो. जाळीला एक उघडणारा झरोका ठेवावा. त्याची किल्ली तेथेच खिळ्याला टांगलेली असावी.

वयाबरोबर दृष्टीप्रमाणे वासही मंदावतो, करोनानंतर तर अनेकांचा तो पूर्ववत झालेला नाही. गॅसला मुद्दाम घातलेला दुर्गंध ज्यांना येत नाही, त्यांनी गॅसगळतीची सूचना देणारे छोटे उपकरण बसवून घ्यावे. स्वयंपाकाचा सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून ते खालच्या बाजूस लावावयाचे. गळतीची शंका येताच दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. पंखा सुरू करण्यासाठीही नाही. दूरध्वनी घराबाहेर जाऊन 1906 वर करावा.

घरी प्राणवायूचे यंत्र सुरू असेल, तर देवघरातली समई आणि उदबत्ती त्या खोलीत नको. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण पांघरुणात, केसांत, दाढीत तो साचतो आणि एरवी विझली असती अशी ठिणगी भडकविते. नाक कोरडे पडते म्हणून तेथे पेट्रोलियम जेली चोळण्याची सवयही थांबवावी. पाण्याचा अंश असलेले जेल आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. यंत्राची आणि हवेच्या गादीची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसवावी, एक्स्टेंशन बोर्डावर नव्हे.

भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे, बांगड्या-अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, हे आपण या सदरात पूर्वीही वाचले आहे. हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

राहता राहिली सोसायटी. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालक आणि भोगवटादारांवर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून ती तपासून घेऊन जानेवारीत आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. आपण निवृत्त आहात, सभेला आवर्जून जाता. तेव्हा यंदाचे प्रमाणपत्र पाहावयास मागा. रंगाच्या खर्चावर दोन तास बोलणाऱ्या सभेने यासाठी पाच मिनिटे द्यावयास हरकत नसावी. जिन्यातली चपलांची कपाटे आणि जुने पलंगही त्याच सभेत हलवून घ्या.

अग्निशमन सेवा सप्ताहात दलाचे अधिकारी शाळांत आणि वसाहतींत प्रात्यक्षिके देतात. आपल्या सोसायटीच्या चिटणिसांनी जवळच्या केंद्राला आताच पत्र द्यावे आणि प्रात्यक्षिक तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत आटोपून न घेता, चालता न येणाऱ्या एखाद्या रहिवाशाच्या मजल्यापर्यंत येण्याची विनंती करावी. बंब फाटकातून आत वळतो का, हेही त्या दिवशी पाहून घ्यावे. आणि आज संध्याकाळी एवढे करावे: एका कागदावर 101, 108, 112 आणि 1906 हे क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता, जवळची ओळखीची खूण, मजला आणि शेजाऱ्यांचा दूरध्वनी लिहून तो दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. अक्षर असे मोठे असावे, की चष्मा उशाशी राहिला असला तरी वाचता येईल.