दगडफुलाची साक्ष

ज्या घरीं गोडा मसाला होतो, तेथें दगडफूल अपरिचित नाहीं. परंतु तें फूल नव्हे आणि दगडाचा अंशही नव्हे. बुरशी व शैवाल यांच्या सहवासानें बनलेला तो एक जीव आहे. त्यास मुळें नाहींत. पाणी व क्षार तो बहुतांशीं हवेंतूनच घेतो, आणि हवेंत विष असेल तर तेंही निमूटपणें सांठवितो. इ. स. १८६६ त नायलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञानें पॅरिसच्या लक्झेंबुर्ग उद्यानांतील दगडफुलें पाहून शहराच्या हवेची परीक्षा केली, ती याच आधारावर.

हा विषय काढण्याचें कारण आमचें जालना शहर. येथील औद्योगिक वसाहतींत मोडीचें लोखंड वितळवून सळया करण्याचा मोठा धंदा आहे. त्यानें असंख्य कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेविल्या आहेत. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मोडींत जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे व रंगविलेले तुकडेही येतात. लोखंड वितळतें १५०० अंशांच्या वर. जस्त मात्र ९०७ अंशांवर आणि कॅडमियम ७६७ अंशांवरच उकळून वाफ होतें, व शिशाचाही कांहीं अंश उडून जातो. ही वाफ निवली कीं तिची अतिसूक्ष्म धूळ होते. धूळ गाळणारीं यंत्रें नीट चालविलीं तर ती बहुतेक अडते. न चालविलीं तर ती कोणाच्या अंगणांत उतरते, हें पाहणें आपलें काम आहे.

यांत शिसें लहान मुलांस विशेष घातक. इ. स. १९७९ त नीडलमन यांनीं अमेरिकेंतील मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दांतांतील शिसें मोजलें. ज्यांच्या दांतांत तें अधिक, त्यांची बुद्धि व अवधान कमी आढळलें. शिशाचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण आज मानीत नाहींत.

हवा मोजणारें यंत्र जेथें ठेवावें तेथलीच वार्ता सांगतें. झाड गल्लोगल्लीं उभें असतें. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं इ. स. २०१३ त ३४६ ठिकाणचें झाडांवरील शेवाळ गोळा करून तपासलें, तेव्हां कांचेच्या कारखान्यांजवळ कॅडमियम फार असल्याचें उघडकीस आलें.

जालन्याच्या कोरड्या हवेंत दगडफुलावर विसंबतां येणार नाहीं. पण कडुनिंब सर्वत्र आहे. एकाच ऋतूंत, सारख्या उंचीवरून, भट्ट्यांजवळचीं व दूरच्या खेड्यांतलीं पानें तोडावीं; अर्धीं धुऊन, अर्धीं न धुतां प्रयोगशाळेंत तपासावीं. दोहोंतील अंतर म्हणजे वरून बसलेली धूळ. आपल्या काळ्या मातींत लोह मुळांतच विपुल. म्हणून दूरच्या पानांशीं तुलना केल्यावांचून कोणावर दोष ठेवूं नये. शाळा-महाविद्यालयांनीं असा उपक्रम दरवर्षीं चालविल्यास शहराची एक विश्वसनीय वही तयार होईल.

तोंपर्यंत घरांत इतकें तरी व्हावें : पालेभाजी दोनतीन पाण्यांनीं धुवावी, केर काढण्याऐवजीं जमीन ओल्या फडक्यानें पुसावी, भट्टीवरून आलेल्या माणसानें कपडे बाहेर उतरून, हातपाय धुऊन मगच मूल उचलावें. आपले आजीआजोबा बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याचा आग्रह धरीत. त्या आग्रहास आज शास्त्राचेंही बळ आहे.